हात लावला तर शॉक बसेल

"हा धडा आहे की धमकी?" ताई ओरडली. "तुला काय शिकवायला सांगितलं होतं आणि तू काय शिकवतोयस? आई, म्हण बरं परत, काय शिकलीस ते."

आई ताठ बसली, घसा साफ केला आणि बक्षीस समारंभात म्हणावं तसं म्हणाली, "तोट्टाल शॉकडिक्कुम."

"म्हणजे काय?"

"हात लावला तर शॉक बसेल," आईनं सांगितलं आणि कौतुकाच्या आशेनं आळीपाळीनं दोन्ही मुलांकडं बघितलं.

"ऐकलंस? रविवारी माझी होणारी सासू दारात येणार, आणि माझी सख्खी आई तिला म्हणणार, हात लावला तर शॉक बसेल!"

"दारात ते नाहीये," भडका म्हणाला. "दारात 'वैकियाल कयट्टिल्ला' आहे. उशीर झाला तर आत घेणार नाही."

ताईनं उशी फेकली. ती भडक्याला न लागता भिंतीवरच्या कॅलेंडरला लागली आणि कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो धडे लिहीत होता, म्हणजे एका उशीत अख्खा अभ्यासक्रम कोसळला.

भडका हे त्याचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावानं हाक मारली की तो दोन मिनिटांनी ओ देतो, आणि 'भडक्या' म्हटलं की लगेच भडकून हजर होतो, त्यामुळं सगळ्यांनी सोयीचं तेच धरलं. वय सतरा. शाळा दहावीत सोडली. का सोडली ते इथं सांगत नाही, कारण ती गोष्ट निघाली की त्याचं डोकं परत तापतं आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. एवढंच सांगतो, की त्याचे बाबा त्याच शाळेत व्याकरण शिकवतात. आता घरात काय वातावरण असेल त्याचा अंदाज करा.

बाबा ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, त्यालाही ओरडता आलं असतं. ते फक्त म्हणतात, "शाळा सोडली नसतीस तर..." आणि थांबतात. पुढचं वाक्य नाहीच. अकरा महिने ते अर्धं वाक्य घरात लोंबकळतंय. जेवताना ताटावर, टीव्ही बघताना टीव्हीसमोर. दुसऱ्या कुणाच्या तोंडी असं अर्धं वाक्य आलं तर बाबा लाल पेन काढतात.

तर, ताईचं लग्न ठरण्याच्या बेतात होतं. ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, आणि तिथल्याच एकाबरोबर तिचं जमलं. घरात त्याला लॅबवाला म्हणतात. माणूस चांगला. मराठी आपल्यासारखं बोलतो, फक्त चिडला की मल्याळममध्ये चिडतो, आणि चिडतो वर्षातून एकदा. अडचण त्याच्या आईची होती. अम्माला मल्याळमशिवाय दुसरी भाषा येत नाही. तिनं मुलाला स्पष्ट सांगितलं होतं, "मी रविवारी येते, घर बघते. पण ज्या घरात माझ्याशी बोलायला कुणी नाही, त्या घराशी सोयरीक करून मी म्हातारपणी भिंतींशी बोलू का?" म्हणजे होकार लोंबकळलेलाच. आमच्याकडं, म्हणजे त्यांच्याकडं, लोंबकळणाऱ्या गोष्टींना कमी नाही.

सोमवारी ताई भडक्याजवळ आली. आवाज लोण्यासारखा. "तुला येतं ना रे मल्याळम?"

येतं म्हणजे, यायचं कारण असं. भडका जळलेल्या मोटरी भरायच्या दुकानात कामाला आहे. पंप, पंखे, मिक्सर, ज्याचं आतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं जळलं ते तिथं येतं. जुनी तार उपसायची, साफ करायचं, मोजून नव्या तारेचे वेढे भरायचे, वार्निश पाजायचं, भट्टीत भाजायचं. दुकानाचे मालक आशान. आशान म्हणजे मल्याळममध्ये उस्ताद. त्यांची उंची पाच फूट, आवाज मात्र आठ फुटांचा. गिऱ्हाइकाशी मोडकंतोडकं मराठी, पण हात कामात असला की तोंडात मल्याळम.

आणि आशानचा एक खाक्या आहे. ते 'करू नको' असं कधीच म्हणत नाहीत. काय होईल ते सांगतात, बस. हात लावला तर शॉक बसेल. पडलं तर फुटेल. मोजणी चुकली तर मोटर जळेल. उशीर झाला तर आत घेणार नाही. पुढं तुझी मर्जी. भडक्याला आयुष्यात पहिल्यांदा असा माणूस भेटला, जो त्याला 'नको' म्हणत नव्हता. त्यामुळं आजवर त्यानं कशालाही नको तिथं हात लावला नव्हता. म्हणजे एकदाच लावला. शॉक बसला. आशाननं वर न बघता म्हटलं, "सांगितलं होतं." संपला विषय. शाळेत याच गोष्टीवर तीन चिठ्ठ्या घरी आल्या असत्या.

थोडक्यात, भडक्याला मल्याळम येत होतं, पण फक्त 'तर'वालं. दुकानात दुसरं काही बोललंच जात नाही. बाजाराचा रस्ता विचारायला सांगितलं तर तो गप्प बसला असता, पण रस्ता चुकलात तर काय होईल हे त्यानं अस्खलित सांगितलं असतं. हे ताईला सांगायचं राहून गेलं. म्हणजे राहून गेलं असं नाही. ती पहिल्यांदाच त्याला काहीतरी येतं असं धरून चालली होती, आणि असल्या वेळी माणूस बारीकसारीक खुलासे करत नाही.

मंगळवारी संध्याकाळी वर्ग सुरू झाला. विद्यार्थी एक, आई. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत बसले, दार अर्धं उघडं ठेवून.

"हे बघ," भडका कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत म्हणाला, "आपण काय म्हणतो? 'पडलं तर.' अजून पडलेलं नसतं, तरी 'पडलं' म्हणतो. त्यांच्यातही तेच. 'वीणु' म्हणजे पडलं. त्याचं शेवटचं 'उ' छाटायचं, तिथं 'आल' जोडायचं. वीणाल. पडलं तर. जर नाही, तर नाही, सगळं त्या शेपटीत."

"आणि फुटेल?"

"पोट्टुम. वीणाल पोट्टुम."

"वीणाल पोट्टुम," आई म्हणाली आणि खूश झाली. "सोपं आहे की! मग आलं तर?"

"आलं म्हणजे वन्नु. तूच कर."

आईनं बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "वन्नाल?"

"बरोब्बर!"

"आणि मी आले तर? तू आलास तर? त्या आल्या तर?"

"सगळ्यांना वन्नालच. कोण आलं ते वेगळं सांगायचं, वन्नाल हलत नाही."

आतून पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. "कर्त्याप्रमाणे बदलत नाही?" बाबांचा आवाज.

"नाही."

"लिंगाप्रमाणे?"

"नाही."

"वचनाप्रमाणे?"

"नाही म्हटलं ना!" भडका भडकला. "कुणीही पडलं तरी वीणालच! एक पडला, दहा पडले, वीणाल! फुटायचं ते फुटतं!"

मग बाबा स्टूल घेऊन बाहेर आले आणि दाराजवळ बसले. "मी फक्त ऐकतोय," ते म्हणाले. तीस वर्षं ज्या माणसानं पोरांना कर्ता, कर्म आणि क्रियापदाच्या चरकातून पिळून काढलं, त्याला अशी भाषा भेटली होती जिथं क्रियापद कुणाचंच ऐकत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हेवा होता.

बुधवारी समोरच्या दारातले टेलिफोन काका आले. हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. अजूनही कुणाच्या घरातलं संभाषण कानावर पडलं की मध्येच लाईन जोडून देतात. "तुमची पद्धत चुकीची आहे," ते खुर्ची घेऊनच आत शिरले. "भाषा कानातून आत गेली पाहिजे. आमच्या एक्स्चेंजला एकजण होता, कानाला रेडिओ लावून झोपायचा. सहा महिन्यांत तीन भाषा."

"बोलायचा?"

"झोपेत."

काकांना रविवारशी काही देणंघेणं नव्हतं. पण काकू माहेरी, घरात एकटे, आणि इकडं रोज संध्याकाळी माणसं एका सुरात ओरडतात, म्हटल्यावर कोण घरात बसेल? त्यांनी सगळ्यात लांबलचक वाक्य निवडलं, 'एण्णम तेट्टियाल मोटर कत्तुम', मोजणी चुकली तर मोटर जळेल, आणि ते जिन्यातून चढता-उतरता घोकायला लागले. त्यामुळं गुरुवारी सेक्रेटरी आले.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे वहीत बांधलेला माणूस. दारात उभं राहूनच त्यांनी वाचून दाखवलं, "निवासी सदनिकेत विनापरवाना शिकवणी वर्ग चालवणे, नियम क्रमांक सतरा. तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आहे की तुमच्या घरात रोज सामूहिक धमक्या दिल्या जातात."

"धमक्या नाहीत, व्याकरण आहे," बाबा म्हणाले. वर्गाच्या बाजूनं त्यांनी तोंड उघडायची ही पहिली वेळ. भडक्यानं चमकून बघितलं.

"असेल. पण परवानगी? अर्ज तीन प्रतीत, विद्यार्थ्यांची यादी, खुर्च्यांची संख्या आणि शिक्षकाच्या पात्रतेचा दाखला."

दाखला म्हटल्यावर खोली गार पडली. आईनं कॅलेंडर सरळ केलं. काका छताकडं बघायला लागले. बाबा स्टुलावर किंचित हलले, आणि आता ते वाक्य येणार, 'शाळा सोडली नसतीस तर', असं भडक्याला वाटलं. ते यायच्या आत तो ताडकन उठला, कपाट उघडलं, फाईल काढली आणि आयुष्यात त्याला मिळालेला एकमेव दाखला सेक्रेटरींच्या हातात ठेवला.

सेक्रेटरींनी चष्मा लावला. "हा शाळा सोडल्याचा दाखला आहे."

"मग? दाखला आहे ना?"

"पण हा सोडल्याचा आहे!"

"शाळेत असल्याशिवाय सोडता येते का? वर सही आहे, शिक्का आहे, तारीख आहे. वर्तणूक 'बरी' लिहिलंय. तुमच्या अर्जात शाळा पुरी केल्याचा दाखला असं कुठं लिहिलंय, दाखवा."

सेक्रेटरींनी वही चाळली. नव्हतं लिहिलेलं. नियमात नाही म्हटल्यावर त्या माणसाची पंचाईत होते. ते वर्ग प्रत्यक्ष बघून शेरा लिहायला म्हणून बसले, आणि निरीक्षकाच्या सावधपणानं हळूच म्हणाले, "ते पडलं तर फुटेल कसं म्हणता?" अर्ध्या तासानं शेरा पडला, 'वर्ग समाधानकारक. आवाज झाल्यास परवानगी रद्द.' भडक्याला तो शेरा फार आवडला. थेट आशानच्या वळणाचा.

आणि नेमकं शुक्रवारी ताई लॅबमधून लवकर आली, वर्ग ऐकला, आणि सुरुवातीला सांगितलेली उशी उडाली.

"अरे, नमस्कार शिकव, बसा शिकव!" ताई रडकुंडीला आली होती. "परवा ती बाई नाही म्हणाली ना, तर..." इतकं बोलून तीही थांबली. त्या घराण्याचा गुणच तो.

"नमस्कार त्यांच्यातही नमस्कारमच आहे, त्यात काय शिकवू?" भडका म्हणाला. पण तिच्या डोळ्यांत पाणी बघून त्याचा आवाज उतरला. रागावलेल्या माणसाला तो पुरून उरतो, रडणाऱ्यापुढं त्याचा फ्यूज जातो. "बरं, बघतो. उद्या आशानला विचारतो."

शनिवारी आशान पंपाच्या पोटात हात घालून बसले होते. सगळी हकिकत ऐकून घेतली. "घरी पाहुणे आले तर काय म्हणायचं?" त्यांनी स्वतःलाच विचारलं, आणि बराच वेळ विचार केला. "माझ्याकडे पाहुणे येत नाहीत. मोटरी येतात." शेवटी त्यांनी दोन वाक्यं दिली. इरुन्नाल संतोषम, बसलात तर आनंद. कुडिच्चाल संतोषम, प्यायलात तर आनंद. "पुरे. जास्त आनंद झाला तर त्यांना संशय येईल."

मग भडक्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आशान, आणि... 'झालं असतं तर' कसं म्हणायचं? 'सोडली नसती तर', असलं? बाबा विचारत होते."

बाबांनी वर्गात विचारलं होतं खरं, पण नुसतं व्याकरण म्हणून. भडक्यालाच त्यात दुसरं काही ऐकू आलं होतं.

आशाननं पहिल्यांदाच मान वर केली. "आहे. इरुन्नेंगिल लावतात मागं. पण तुला कशाला? ही मोटर बघ. जळाली. जळाली नसती तर, म्हणत बसून वेढे भरतात का? उपस, साफ कर, भर." परत हात पंपात. "उद्या पण ये. इस्पितळाचा पंप आहे, बारा वाजता भट्टीत गेला पाहिजे. बारानंतर..."

"कयट्टिल्ला," भडका म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी त्यानं सगळ्यांकडून दोन्ही संतोषम वीस-वीस वेळा घोकून घेतले. पाठ झाले. पण आता तुम्हीच विचार करा, धमक्यांची चार दिवसांची तालीम आणि आनंदाची एका संध्याकाळची. तोंडाला कशाची सवय लागणार?

रविवारी दहाची वेळ होती. साडेदहा झाले. लिफ्ट बंद पडली होती, आणि अम्मा चार मजले चढून येत होती. मागून सेक्रेटरी लिफ्टची किल्ली घेऊन, आपला दोष नाही हे सिद्ध करत. दाराशी पोचली तेव्हा अम्माला धाप लागलेली. पांढरे केस, बारीक चण, नजर मात्र मीटरसारखी, सगळं टिपणारी. शेजारी घामाघूम लॅबवाला.

आईनं दार उघडलं. चेहऱ्यावर जगातलं सगळ्यात गोड हसू आणून ती म्हणाली, "वैकियाल कयट्टिल्ला!"

उशीर झाला तर आत घेणार नाही.

अम्मानं आत टाकलेलं पाऊल बाहेर घेतलं.

लॅबवाल्याला ठसका लागला. ताई भिंतीसारखी पांढरी झाली. बाबा परिस्थिती सावरायला पुढं आले, आणि त्याच क्षणी अम्मानं दम खायला म्हणून दाराशेजारी, बेलच्या बटनाजवळ हात टेकला. बाबांच्या तोंडून वर्गातला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज निघाला, "तोट्टाल शॉकडिक्कुम!"

अम्मानं हात असा ओढला की खरंच बसला असता तरी एवढ्या लवकर ओढला नसता.

समोरचं दार उघडलं. टेलिफोन काकांना वाटलं, धडा सुरू झाला, आपलीच पाळी. "एण्णम तेट्टियाल मोटर कत्तुम!" ते खणखणीत म्हणाले आणि शाबासकीसाठी थांबले. राहता राहिले सेक्रेटरी. सगळे बोलले आणि सोसायटीच्या वतीनं कुणीच बोललं नाही, हे त्यांना बरं दिसेना. त्यांनी बंद लिफ्टकडं बोट दाखवलं आणि येत होतं ते एकमेव वाक्य म्हणाले, "वीणाल पोट्टुम."

पडली तर फुटेल. चार मजले चढून आलेल्या बाईला.

भडक्याचं डोकं सटकलं. "अरे, संतोषम कुठं गेलं?" तो जिन्यातच ओरडला. "काल वीस वेळा घेतलं ना! एकालाही आठवू नये? आई, तू तर पहिली आलीस वर्गात!"

वर्ग घाबरला. घाबरलेला वर्ग जे करतो तेच त्यानं केलं, एका सुरात ओरडला, "इरुन्नाल संतोषम!" काकांनी तर आपली वर्गातली खुर्चीच बाहेर आणून अम्माच्या मागं ठेवली, आणि दमलेली अम्मा तिच्यावर बसली. घरात नाही, काकांच्या आणि यांच्या दाराच्या मध्ये, जिन्याच्या चौकात.

अम्मानं एकेका तोंडाकडं नीट बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, "आरा पठिप्पिच्चदु?"

बाकीचं कळलं नाही, पण 'पठि' कळायला भाषा लागत नाही. कुणी शिकवलं? चार बोटं एकदम भडक्याकडं वळली. बोटं दाखवायला वर्ग नेहमीच तत्पर असतो. भडक्याचे कान गरम झाले. झालं, त्याला वाटलं. आता ताईचं मोडलं, आणि यापुढं घरात दोन अर्धी वाक्यं लोंबकळणार. त्यानं चपलांकडं बघितलं. तीन उड्यांत खालच्या मजल्यावर जाता आलं असतं.

तेवढ्यात बाबा पुढं आले. भडका आणि अम्मा यांच्या बरोबर मध्ये उभे राहिले.

"माझ्या मुलानं शिकवलं," ते लॅबवाल्याला म्हणाले. "सांगा त्यांना. चुका आमच्या आहेत, विद्यार्थ्यांच्या. शिकवण्यात चूक नाही. पाच दिवस मी त्याच्या वर्गात बसलोय, मला त्यातलं कळतं." मग जरा थांबून, "दाखला आहे त्याच्याकडं."

लॅबवाल्यानं सांगितलं. अम्मानं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. ताई "अगं बाई" म्हणून पुढं धावली, कारण सगळ्यांना वाटलं, रडतेय. रडतही होती म्हणा, पण आधी हसत होती. ती अशी हसली की खुर्ची करकरली. मग डोळे पुसत भराभर बोलायला लागली, आणि लॅबवाला मागून धावत भाषांतर करायला लागला.

"अम्मा म्हणते, बाबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, लाकूड कापायची गिरणी होती. मोठी करवत. ते पण असंच बोलायचे. घरात सुद्धा. झोप नाही झाली तर बोट जाईल. लक्ष नसलं तर भात करपेल. लग्नाच्या पहिल्या दिवशी तिला म्हणाले, 'कै पोयाल पोयी.' हात गेला तर गेला. ती रडत माहेरी पत्र लिहायला बसली होती." त्याचाही आवाज जरा जड झाला. "बाबा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून सगळे तिच्याशी हळू बोलतात. अम्मा बसा, अम्मा जपून, अम्मा दमाल. सहा वर्षांत तिला कुणी धड धमकावलं नाही म्हणते."

अम्मानं भडक्याला बोटानं जवळ बोलावलं. हनुवटी वर केली. "तोट्टाल?"

"शॉकडिक्कुम," भडका पुटपुटला.

"वीणाल?"

"पोट्टुम."

"कै पोयाल?"

भडक्यानं क्षणभर विचार केला. "पोयी."

अम्मानं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की आशानला हेवा वाटावा. मग उठली, बेलच्या बटनाला मुद्दाम हात लावून बघितला, काही झालं नाही म्हणून बाबांकडं बघून मान हलवली आणि घरात शिरली.

पुढं सगळं झकास झालं. आईनं कप देताना सवयीनं "वीणाल पोट्टुम" म्हटलं, आणि ते इतकं बरोबर जागी बसलं की अम्मानं दोन्ही हातांनी कप धरला. काकांनी मोटर आणखी दोनदा जाळली. सेक्रेटरींनी नोंद घेतली की पाहुण्यांची तक्रार नाही. होकाराचं कुणी विचारायच्या आधीच अम्मा ताईचा हात धरून म्हणाली, "विळिच्चाल वराम." बोलावलंत तर येईन. ताई अर्थ विचारायला भडक्याकडं वळली, लॅबवाल्याकडं नाही, हे भडक्यानं बघून ठेवलं.

पावणेबारा होत आले. भडका चपला शोधायला दाराशी आला. मागं बाबा त्याच्याबद्दल अम्माला सांगत होते. "हुशार आहे हो. शाळा सोडली नसतीस तर, आपलं, नसती तर..." आणि थांबले. लॅबवाला भाषांतरासाठी तोंड उघडून वाट बघत राहिला. अम्मा बघत राहिली. अकरा महिन्यांचं वाक्य परत एकदा दिव्याखाली लोंबकळलं.

"राहू द्या," बाबा म्हणाले. "हे भाषांतर करू नका."

ते उठून दारापाशी आले. भडका वाकून चपलेचा पट्टा लावत होता. बाबांनी शर्टाच्या खिशातून लाल पेन काढलं, उगाच टोपण उघडलं, परत लावलं.

"मंगळवारी संध्याकाळी," ते म्हणाले, "मी आलो तर... वर्ग घेशील?"

आणि थांबले. पण या वेळी वाक्य पूर्ण होतं.

भडक्यानं वर बघितलं. डोक्यात दोनतीन उत्तरं आली, त्यातली दोन तर चांगली झणझणीत होती. ती त्यानं गिळली.

"वन्नाल पठिप्पिक्काम," तो म्हणाला. "आलात तर शिकवेन."

"कर्ता कुठंय?"

"बाबा!" भडका भडकला. "भट्टी पेटलीय तिकडं! बाजूला व्हा, बारा वाजतील, वैकियाल कयट्टिल्ला! निघतो मी!"